सत्तेचाळिशीतल्या विणकराला नवा माग शिकवावा का?

प्रश्न असा आहे: "अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. माणसं ३८. धोट्याचे काही जुने माग काढून चार रेपिअर (धोट्याशिवाय चालणारे माग) बसवतोय, सेकंडहँड पण चांगल्या स्थितीतले. गेल्या वर्षी दोन तरुण मुलांना महिनाभर इचलकरंजीला ठेवून रेपिअर शिकवून आणलं. सहा महिन्यांत दोघंही पुण्याला गेले. वडील म्हणतात, शिकवण्यावर पैसा घालू नकोस, तयार माणूस बघ. बाकीचे विणकर पंचेचाळीस-पन्नाशीचे आहेत आणि कांडी भरणाऱ्या तीन बायकाही त्याच वयाच्या. यांना शिकवून काही उपयोग होईल का? आणि शिकवलंच तर बाँड लिहून घ्यावा का?"

शिकवा. आणि सुरुवात त्या पंचेचाळीस-पन्नाशीच्या माणसांपासूनच करा. बाँडच्या भानगडीत पडू नका. मी गेली २७ वर्षं सोलापूर आणि आसपासच्या कारखान्यांत माणसांना मशीनवर तयार करण्याचं काम करतोय, आणि तुमच्यासारखा प्रश्न मला दर वर्षी दोन-तीन मालक तरी विचारतात. बहुतेकांचा हिशोब एकाच जागी चुकतो. तिथूनच सुरू करतो.

इचलकरंजीच्या त्या दोन मुलांवर किती खर्च झाला असं विचारलं, तर तुम्ही फी, खोलीभाडं, जाणं-येणं आणि महिन्याचा पगार सांगाल. हा खर्च डोळ्यांना दिसतो, कारण त्याच्या पावत्या असतात. पण नवा माणूस मागावर उभा राहतो तेव्हा खरा पैसा दुसरीकडेच जातो: माग थांबून राहतो, तुटलेला धागा सापडायला वेळ लागतो, टॉवेलची लूप एका बाजूला कमी येते आणि ताग्याचा काही भाग सेकंडमध्ये, म्हणजे दुय्यम मालात निघतो. हे नुकसान कुठल्याच वहीत चढत नाही.

आकडे घालून बघू. हे आकडे मी समजावण्यासाठी धरलेले आहेत, तुम्ही स्वतःचे घाला. समजा एका विणकराकडे दोन रेपिअर आहेत आणि सूत, वीज वगैरे वजा जाता एफिशियन्सीच्या (पाळीत माग जेवढा वेळ खरा चालतो त्या प्रमाणाच्या) एका टक्क्यामागे पाळीला तुम्हाला २० रुपये सुटतात. तयार विणकर ८५ टक्क्यांवर चालवतो. नवा माणूस तिथपर्यंत पोचायला ६० पाळ्या घेतो आणि त्या काळात सरासरी १५ टक्के मागे असतो. १५ गुणिले २० गुणिले ६० म्हणजे १८,००० रुपये. सेकंडच्या मालाचे ६,००० धरा. झाले २४,०००. शिकवणाऱ्या जॉबरचा (माग लावून देणाऱ्या जाणत्या कारागिराचा) रोज एक तास, ८० रुपयांच्या हिशोबाने ४,८००. बाहेरच्या कोर्सची फी आणि प्रवास ५,०००. एकूण ३३,८००. ज्या फीवरून घरात वाद झाला, ती यात जेमतेम सातवा भाग आहे.

आता यातलं शिकवल्यामुळे किती गेलं आणि माणूस नवा असल्यामुळे किती गेलं, हे वेगळं करा. न शिकवता, "बघून बघून शिक" म्हणून उभा केलेला माणूसही तेवढाच माल बिघडवतो, बऱ्याचदा जास्त दिवस बिघडवतो. म्हणजे २४,००० चा खड्डा दोन्हीकडे आहेच. शिकवण्यासाठी म्हणून तुम्ही वर घातले ते फक्त ९,८०० रुपये. आणि बघून शिकलेला माणूस माझ्या अनुभवात ७५ टक्क्यांच्या आसपास अडकतो, कारण माग का थांबला हे त्याला कळत नाही, फक्त पुन्हा चालू कसा करायचा एवढंच कळतं. दहा टक्क्यांचा फरक म्हणजे पाळीला २०० रुपये, २५ पाळ्यांचे महिन्याला ५,०००. त्यातले १,५०० तुम्ही त्या माणसाच्या पगारात वाढवा. उरले ३,५००. म्हणजे ९,८०० रुपये तीन महिन्यांच्या आत वसूल.

तुमची दोन मुलं सहा महिन्यांत गेली. ६० पाळ्या म्हणजे साधारण अडीच महिने शिकण्यात गेले, उरलेल्या साडेतीन महिन्यांत प्रत्येकाने १२,००० च्या वर जास्तीचं दिलं. शिकवणीचा खर्च त्यांनी फेडून मगच हुतात्मा एक्स्प्रेस पकडली. मग तुम्हाला नुकसान झाल्यासारखं का वाटतं? कारण नुकसान खरंच झालं, पण ते माणूस बदलल्याचं आहे. पुन्हा नवा माणूस आला, पुन्हा २४,००० चा खड्डा. वडिलांच्या सांगण्याप्रमाणे शिकवणी बंद केलीत तरी हा खड्डा बुजणार नाही. आणि "तयार माणूस बघ" म्हणजे दुसऱ्या कुणीतरी खड्डा भरलेला माणूस जास्त पगार देऊन आणायचा. जो तुमच्याकडे पैशासाठी आला तो पैशासाठीच पुढे जाईल.

म्हणून "शिकवावं की नाही" यावर डोकं शिणवू नका. "कोण टिकेल" हे शोधा. इथे वयाचा मुद्दा येतो, आणि इथेच पुस्तकी अर्थशास्त्र अर्धवट वाचलं तर फसवतं.

योरम बेन-पोराथ या अर्थशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये एक मांडणी केली. शिकण्यावरचा खर्च तरुणपणीच जास्त परवडतो, कारण फळ खायला पुढे वर्षं जास्त असतात. वय वाढेल तशी वर्षं कमी, म्हणून गुंतवणूकही कमी. माणसाच्या स्वतःच्या दृष्टीने ते बरोबर आहे. पण मालकाने मोजायची वर्षं वेगळी: हा माणूस *माझ्याकडे* किती वर्षं राहील? बावीस वर्षांच्या मुलापुढे कामाची चाळीस वर्षं असतील, त्यातलं तुमच्या वाट्याला दीड येतं. सत्तेचाळीसच्या विणकरापुढे दहा-बारा वर्षं आहेत आणि बहुधा ती सगळी तुमची आहेत. त्याचं घर इथे आहे. मुलांची लग्नं इथे व्हायची आहेत. सोलापूरजवळ कुंभारीच्या विडी घरकुलात किंवा अलीकडे रे नगरात ज्यांना स्वतःच्या नावाचं घर मिळालं, ती माणसं दोन हजार जास्त मिळतात म्हणून चाकणला जात नाहीत. रे नगरची १५,००० घरं जानेवारी २०२४ मध्ये ताब्यात दिली गेली. असंघटित कामगारांसाठीची ती वसाहत आहे. मी तर मालकांना सांगतो, माणसाचं वय विचारू नका, घर कुठे आहे ते विचारा.

पन्नाशीतला माणूस शिकायला जास्त वेळ घेतो, हे खरं. ६० च्या जागी १०० पाळ्या धरा. उत्पादनाची तूट ३०,०००, सेकंडचा माल ८,०००, जॉबरचा वेळ ८,०००, फी ५,०००. एकूण ५१,०००. मुलाच्या दीडपट. पण मुलगा दीड वर्षाला बदलला तर सहा वर्षांत चार मुलं, ३३,८०० गुणिले चार, म्हणजे १,३५,२००. एकदाच ५१,००० की चारदा मिळून एक लाख पस्तीस, हे वडिलांपुढे कागदावर ठेवा. ज्यांनी आयुष्यभर धंदा केलाय त्यांना हा हिशोब कळायला वेळ लागत नाही.

यात माझं मन गुंतलेलं आहे, तेही सांगतो. माझे वडील इथल्याच एका मिलमध्ये जॉबर होते. मिल बंद पडली तेव्हा ते ४६ वर्षांचे होते. बावीस वर्षं एकाच बनावटीच्या मागावर हात बसलेला, आणि त्या बनावटीचा माग बाहेर कुठेच नव्हता. त्यांच्यासोबतचे कितीतरी लोक रखवालदार झाले, कुणी रिक्षा घेतली. वडील साखर पेठेत एका ओळखीच्या माणसाकडे मोटर वाइंडिंग शिकायला बसले, त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान मुलाच्या हाताखाली. घरी येऊन बोटांना तेल चोळत बसायचे. पुढची चौदा वर्षं त्यांनी त्यावर घर चालवलं. शिकण्याचं वय निघून गेलं असं त्यांना त्या दिवसांत सगळेच म्हणत होते. त्यांना हे आधीच, मिल चालू असताना, पगार मिळत असताना कुणी शिकवलं असतं, तर आमच्या घरातली ती दोन वाईट वर्षं आलीच नसती.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी तुमच्या प्रश्नात नाही. तुमचे विणकर आणि बायका मजुरी कशावर घेतात? सोलापुरात बहुतेक ठिकाणी नगावर, मीटरवर किंवा किलोवर. विडीला हजारामागे, टॉवेलला नगामागे. या पद्धतीत शिकण्याचा सगळा खर्च कामगाराच्या पोटातून निघतो. हात बसलेला नसताना माल कमी निघतो, म्हणून त्या आठवड्याला पगारही कमी येतो. मालकाच्या वहीत शिकवण्याचा खर्च शून्य दिसतो, कारण तो कामगाराच्या घरच्या डब्यात दिसतो. जुन्या मागावर हे चालून गेलं, कारण माग स्वस्त होता, थांबला तरी मालकाचं फार अडत नसे, आणि मुलगा बापाच्या शेजारी उभा राहून लहानपणीच शिकलेला असे. कारखान्याने काही शिकवायची वेळच आली नाही. गावानेच शिकवलं. अर्थशास्त्रज्ञ अल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये इंग्लंडमधल्या औद्योगिक गावांबद्दल हेच निरीक्षण लिहून ठेवलंय, की तिथे धंद्यातली गुपितं गुपितं राहत नाहीत, मुलं ती नकळत आत्मसात करतात. कन्ना चौक, अशोक चौक, साखर पेठ या भागांत ज्यांचं बालपण मागांच्या आवाजात गेलं त्यांना हे वेगळं सांगायला नको.

रेपिअरने हे बदललं. एक माग काही लाखांचा, त्याचे हप्ते, आणि तो थांबला की तुमचे पैसे थांबले. शिकण्याचा खर्च आता कामगाराकडून तुमच्याकडे सरकला आहे, पण मजुरीची पद्धत जुनीच आहे. अशा वेळी पन्नाशीचा विणकर "मला नको नवा माग, मी आहे तिथे बरा" म्हणतो. मालक त्याला आळशी म्हणतो. तो आळशी नाही. जुन्या मागावर त्याला आठवड्याला ठरलेली रक्कम सुटते, घरात त्यावर उधारी चाललेली असते, आणि नव्या मागावर चार महिने त्याची मजुरी बुडणार हे त्याला तुमच्याआधी कळलेलं असतं. तुमच्याकडून उचल घेतलेली असेल तर आणखीनच, कारण कमी पगारातून तीही कापली जाणार.

त्यावर उपाय एकच मला लागू पडलेला दिसला. गेल्या तीन महिन्यांची त्याची सरासरी काढा आणि शिकण्याच्या पूर्ण काळात तेवढी मजुरी बांधून द्या, माल कितीही निघो. नोटीस बोर्डावर लिहून लावा. मराठीत आणि तेलुगूत. उचलीची कपात त्या काळापुरती थांबवा. माझ्या माहितीतल्या एका कारखान्यात मालकाने हे तोंडी सांगितलं आणि दुसऱ्या महिन्यात मुकादमाने जुन्या दराने मजुरी काढली. पुढची दोन वर्षं तिथे कुणीही नवं काही शिकायला पुढे आलं नाही. पैसे नंतर चुकते केले, पण विश्वास परत आला नाही.

इथे एक शंका येईल: मी पैसे घालून शिकवलं आणि त्याची किंमत बाजारात वाढली, तर सगळा फायदा तोच घेऊन जाईल ना? अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये हीच अडचण नीट मांडली. त्यांना पुढे १९९२ मध्ये नोबेल मिळालं. त्यांनी कौशल्याचे दोन भाग केले. एक कुठेही चालणारं: रेपिअर चालवता येणं. दुसरं फक्त तुमच्याकडे चालणारं: तुमच्या जॅकार्डच्या (नक्षी विणणाऱ्या यंत्रणेच्या) डिझाइन, तुमच्या निर्यातदाराला काय चालतं आणि काय परत येतं, तुमच्या मागांच्या खोडी. बेकर यांच्या हिशोबात बाजार पूर्ण खुला असेल तर पहिल्या प्रकारच्या शिक्षणाचा खर्च मालक करणारच नाही, कामगारच कमी मजुरी घेऊन तो उचलेल. पण बाजार तसा नसतो. डॅरन असेमोग्लू आणि यॉर्न-श्टेफन पिश्के यांनी १९९० च्या दशकाच्या शेवटी दाखवलं की माणूस सहज हलत नाही, नव्या मालकाला त्याचं कसब बाहेरून दिसत नाही, म्हणून पगार कसबाइतका वाढत नाही, आणि त्या फरकामुळे मालकाला सर्वसाधारण शिक्षणसुद्धा परवडतं.

याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. कर्नाटकातल्या एका मोठ्या कपडे निर्यात कंपनीत शिलाईच्या बायकांना बोलणं, वेळेचं नियोजन, अडचण वेळीच सांगणं अशा गोष्टी कामाच्या वेळातच शिकवल्या गेल्या. कुणाला शिकवायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं, म्हणून तुलना पक्की आहे. शिकलेल्यांची कामगिरी स्पष्ट वाढली, सोडून जाण्याचं प्रमाण वाढलं नाही, आणि कार्यक्रम संपल्यावर आठ महिन्यांत कंपनीला घातलेल्या पैशावर अडीचशे टक्क्यांहून जास्त परतावा मिळाला. वेतन मात्र वाढलं अर्धा टक्का. मालक म्हणून तुम्ही हा आकडा वाचून खूश व्हाल. मला तो वाचून वाईट वाटलं. त्या बायकांनी जे जास्तीचं दिलं त्यातलं त्यांच्या हाताला जवळपास काहीच लागलं नाही. म्हणूनच वरच्या हिशोबात ५,००० मधले १,५०० मी सुरुवातीलाच कामगाराच्या नावावर टाकले. तो धर्मादाय म्हणून नाही. टिकून राहायला कारण पाहिजे.

ती वाढ एकदम देऊ नका. शिकून झाल्यावर ५००, सहा महिन्यांनी ५००, वर्षाने ५००. आणि ही वाढ नगाच्या दरात मिसळू नका. वेगळ्या नावाने पगारपत्रकावर दिसू द्या, म्हणजे ती शिकण्याची आहे हे त्यालाही दिसतं आणि शेजारच्या मागावाल्यालाही.

कांडी भरणाऱ्या तीन बायकांचं काय? रेपिअरला बाणा, म्हणजे आडवा धागा, थेट सुताच्या कोनवरून (मोठ्या रिळावरून) जातो. आडवा धागा इकडून तिकडे नेणारा धोटा नाही, म्हणून त्यात बसणारी कांडी नाही. जुने माग जसे कमी होतील तसं त्यांचं काम संपेल, हे त्यांना कुणी सांगितलं नसलं तरी त्या ओळखून आहेत. त्यांना निरोप देण्याआधी एवढं बघा: वीस वर्षं ज्या हातांनी सूत हाताळलंय त्या बोटांना जाड-बारीक धागा, गाठ, कच्चा पीळ डोळे मिटून कळतो. टॉवेल तपासणी आणि मेंडिंगसाठी (विणीतले दोष दुरुस्त करण्यासाठी) तुम्ही बाहेरून जी माणसं घेता त्यांना हे शिकवायलाच सहा महिने जातात. तिघींपैकी दोघींना तपासणीवर घ्या. तिसरी तयार असेल तर तिला मागावर उभी करा. बाई मागावर कशी, असं कुणी म्हणेल. रेपिअरवर जोर लागत नाही, लक्ष लागतं.

मात्र त्याआधी सगळ्यांचे डोळे तपासून घ्या. हे मी हसण्यावारी नेत नाही. चाळिशीनंतर जवळचं दिसणं कमी होतं आणि मागावर सगळं कामच हातभर अंतरावरचं. आसाममध्ये चहाच्या मळ्यातल्या चाळिशीपुढच्या ७५१ कामगारांवर एक चाचणी झाली, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांना जवळचा चष्मा मिळाला त्यांची पानं तोडण्याची कामगिरी न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २२ टक्के जास्त निघाली. मी स्वतः एका विणकराला "शिकत नाही" असं लिहून परत पाठवलं होतं. वर्षाने कळलं की त्याला रीडमधून, म्हणजे मागाच्या फणीतून, गेलेला धागा दिसतच नव्हता. तो माणूस माझ्या चुकीमुळे एक वर्ष कमी मजुरीवर राहिला. तेव्हापासून माझ्या यादीत पहिलं काम डोळ्यांचं. मोठ्या माणसांची मंदगती म्हणून जे आपण समजतो त्यातला बराच भाग दोन-तीनशे रुपयांच्या चष्म्याने जातो.

शिकवायचं कसं याबद्दल फार लिहीत नाही, पण एक पद्धत सांगतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांना अननुभवी माणसं झटपट तयार करायची होती. १९४० मध्ये त्यासाठी सुरू झालेली पद्धत युद्धानंतर जपानने उचलली आणि तिथे आजही ती वापरात आहे. पायऱ्या चार: माणसाला मोकळं करा आणि त्याला काय येतं ते विचारा, एकेक कृती करून दाखवा आणि ती तशीच का करायची ते सांगा, त्याला करायला लावा आणि करताना बोलायला लावा, मग एकटं सोडा, पण दिवसातून ठरलेल्या वेळा जाऊन बघा. आपल्या जॉबर लोकांची अडचण तिसऱ्या पायरीला होते. त्यांना हाताने येतं, तोंडाने सांगता येत नाही, आणि शिकणारा अडला की ते त्याला बाजूला सारून स्वतःच करून टाकतात. म्हणून आधी आठवडाभर तुमच्या चांगल्या जॉबरला शिकवायला शिकवा. भाषा कारखान्यातली वापरा. मॅन्युअल इंग्रजीत, डिस्प्लेवरचे कोड इंग्रजीत, आणि माणूस घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतो. माग ज्या आठ-दहा कारणांनी थांबतो, त्यांचे कोड आणि उपाय त्याच्या भाषेत लिहून मागावर चिकटवा. एका दुपारचं काम आहे, आणि महागड्या कोर्सपेक्षा जास्त उपयोगी पडलेलं मी पाहिलंय.

वेळही नीट निवडा. ऑर्डर तुंबलेली असताना शिकवायला गेलात तर थांबलेल्या मागाची प्रत्येक मिनिट महाग पडते. मंदीत तोच माग थांबला तरी फारसं बिघडत नाही. पण होतं उलटं: धंदा थंडावला की मालक सगळ्यात आधी शिकवण्याचा खर्च कापतात, जेव्हा तो सगळ्यात स्वस्त असतो. गड्ड्याची यात्रा आणि मार्कंडेय रथोत्सवाचे दिवस तेवढे सोडा, त्या वेळी कुणाचंच लक्ष कामावर नसतं आणि नसावंही.

आणि तीन-चार महिन्यांत शिकणं संपलं असं समजू नका. स्वीडनमध्ये होर्नडाल नावाचा एक पोलाद कारखाना होता. तिथे १५ वर्षं नवी गुंतवणूक जवळपास झाली नाही, तरी माणसाच्या दर तासाच्या कामामागचं उत्पादन वर्षाला सुमारे दोन टक्क्यांनी वाढत राहिलं. अर्थशास्त्रज्ञ केनेथ अॅरो यांनी १९६२ मध्ये हे उदाहरण घेऊन दाखवलं की काम करता करताच माणूस शिकत राहतो. पण त्यासाठी तीच माणसं तिथे राहावी लागतात. दर दीड वर्षाला निम्मी माणसं बदलणाऱ्या कारखान्यात हे दोन टक्के कुणाच्याच हातात साठत नाहीत.

आता बाँड. करार कायद्याचं कलम २७ माणसाला पुढे दुसरीकडे काम करण्यापासून रोखू देत नाही, आणि कलम ७४ प्रमाणे ठरलेल्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळते. नोकरीत असतानाच्या काळापुरता आणि खऱ्या खर्चाशी सुसंगत असा बाँड न्यायालय मान्य करतं. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये तीन वर्षं आणि दोन लाखांची अट ग्राह्य धरली. पण ती बँक होती, अधिकाऱ्याची जागा होती. तुम्ही पंधरा हजाराच्या विणकरावर दावा लावून ९,८०० रुपये वसूल करायला निघालात तर वकिलाची फीच त्याहून जास्त होईल. बाँड सही करून घेतलात की तुम्हीच त्याला सांगता की इथून लोक पळतात. मूळ मार्कशीट, आधार ठेवून घेण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो, तो तर कधीच करू नका. उलट शिकून झालं की सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र स्वतःहून द्या.

सरकारी मदतीबद्दल. तुमच्याकडे ३० पेक्षा जास्त माणसं असल्याने शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ प्रमाणे अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घेणं तुम्हाला बंधनकारकच आहे, म्हणजे किमान एक. राष्ट्रीय शिकाऊ योजनेत केंद्र सरकार विद्यावेतनाच्या २५ टक्के, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये भरतं. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी, आयटीआय किंवा पदवीप्रमाणे ६,०००, ८,००० आणि १०,००० रुपये उमेदवाराला मिळतात. दोन्हींचा जरूर लाभ घ्या. पण वयाची अट बघा: दोन्हीकडे पैसा ३५ वर्षांपर्यंतच्यांसाठी. म्हणजे जो जाणार आहे त्याला शिकवायला सरकार मदत करतं आणि जो राहणार आहे त्याला शिकवायला काहीच नाही. सिंगापूरने उलटा विचार केला: २०१६ पासून पंचविशीपुढच्या प्रत्येक नागरिकाच्या नावे शिकण्यासाठी ५०० सिंगापूर डॉलर ठेवले आणि २०२४ मध्ये चाळिशीपुढच्यांना आणखी ४,००० डॉलर दिले. आपल्याकडे २०१५ च्या कौशल्य धोरणात लिहिलं होतं की देशातल्या फक्त ४.६९ टक्के कामगारांनी औपचारिक प्रशिक्षण घेतलंय. त्या हिशोबात पंचवीस वर्षं जॅकार्ड चालवलेला सोलापूरचा विणकर अप्रशिक्षित ठरतो. पूर्वीच्या कौशल्याला मान्यता देणारी जी सरकारी सोय आहे, त्यातून तुमच्या जुन्या माणसांची परीक्षा घेऊन प्रमाणपत्रं काढून द्या. पगारावर लगेच परिणाम होणार नाही, पण ज्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचा कागद मिळतो तो दुसऱ्या दिवशी नवं शिकायला वेगळ्या तऱ्हेने उभा राहतो. हे मी पुष्कळदा पाहिलंय.

शेजारच्या मालकांशीही बोला. एकट्याने शिकवलं की शेजारी उचलून नेतो, ही भीती खरी आहे, आणि ती सगळ्यांनाच असल्यामुळे कुणीच शिकवत नाही. तुमच्या गल्लीत रेपिअर असलेले चार जण असतील तर चौघांनी मिळून एक जुना रेपिअर फक्त शिकवण्यासाठी ठेवा आणि एका निवृत्त मास्टरला अर्धा दिवस लावा. मग माणूस एकाकडून दुसऱ्याकडे गेला तरी त्याच्यावरचा खर्च चौघांतच राहतो.

पहिला माणूस निवडताना सगळ्यात हुशार विणकर घेऊ नका. असा घ्या ज्याचं बाकीचे ऐकतात. त्याचा चार महिन्यांचा पगार आधी काढून ठेवा, त्याला डोळे तपासायला पाठवा, आणि माग बसवायला मेकॅनिक येईल त्या दिवशी त्याला पहिल्या बोल्टपासून शेजारी उभा करा. माग खोलताना आणि जोडताना जे दिसतं ते नंतर कुठल्याच कोर्समध्ये दिसत नाही, आणि चार माग बसवायचे असल्याने ही संधी तुम्हाला चारदा मिळणार आहे.